पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहावी

बालरोगतज्ज्ञाने श्वानपालनावर लिहावे, हे काही वाचकांना अधिकारक्षेत्राचे उल्लंघन वाटेल. तथापि अलीकडे लसीकरणाला आलेले पालक ज्या गोष्टी विचारतात, त्यांत एक प्रश्न वारंवार येतो : "डॉक्टर, मुलासाठी छोटेसे कुत्रे घ्यावे म्हणतो. चालेल ना?" हे छोटेसे कुत्रे म्हणजे बहुधा चिवावा किंवा लहान चणीचा पॉमेरेनियन. फ्लॅटमध्ये मावते, थोडे खाते, उचलून नेता येते, असा त्यामागचा हिशेब असतो. दमा, जंत, ॲलर्जी, चावा यांविषयीच्या शंकांची उत्तरे आपल्यापाशी तयार असतात. परंतु ज्या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून आहे, तो मात्र क्वचितच कोणी विचारतो : हे पिल्लू घ्यायचे कोणाकडून?

याबाबत माझे मत स्पष्ट आहे. ज्या पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहता येत नाही, ते पिल्लू घेऊ नये. किंमत, कागदपत्रे, छायाचित्रे हे सर्व त्यानंतरचे. 'खाण तशी माती' ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत सढळपणे वापरतो, पण पिल्लू विकत घेताना मात्र नेमकी विसरतो.

प्रथम या लहानपणाचा विचार करू. चिवावा ही जात मेक्सिकोतील त्याच नावाच्या राज्यावरून ओळखली जाते. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकाप्रमाणे तिचे वजन ६ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २.७ किलोंपेक्षा अधिक नसावे. पॉमेरेनियनसाठी हीच मर्यादा ३ ते ७ पौंड आहे. पॉमेरेनियनचे पूर्वज याहून बरेच मोठे होते. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली इटलीतून लहान चणीची कुत्री आणली, तेव्हापासून इंग्लंडात लहान पॉमेरेनियनची आवड वाढली आणि पुढे अनेक पिढ्यांच्या निवडीतून आजचा आकार सिद्ध झाला. म्हणजे या जाती मुळातच इवल्या आहेत. बाजाराला मात्र तेवढ्याने समाधान नाही. तेथे 'टीकप', 'मायक्रो', 'मिनी' अशी विशेषणे लावून त्याच जातीची आणखी लहान पिल्ले अधिक दराने विकली जातात. कोणताही प्रमुख केनेल क्लब 'टीकप' नावाची जात वा उपजात मानत नाही. हा शब्द शास्त्राचा नसून दुकानदारीचा आहे.

असे 'कपात मावणारे' पिल्लू तयार होते कसे? एका वेतातील सर्वांत किरकोळ पिल्लू निवडायचे, त्याचा संकर तशाच किरकोळ जोडीदाराशी लावायचा, प्रसंगी जवळच्या नात्यातलाही वर्ज्य मानायचा नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे पोटाला कमी घालणे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाच आठवड्यांचे पिल्लू दोन महिन्यांचे म्हणून विकणे. अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ जन्मले की आपण त्याला विशेष देखरेखीखाली ठेवतो, आईचे पोषण, दोन बाळंतपणांतील अंतर यांची चौकशी करतो. ज्या स्थितीला आपण आयुष्यभर जोखीम म्हणत आलो, तीच तेथे वैशिष्ट्य म्हणून जादा दराने खपते. बालरोगतज्ज्ञाला याविषयी बोलण्याचा अधिकार असेल, तर तो एवढ्याचसाठी.

या कुत्र्यांची शारीरिक तक्रारनोंदही आपल्याला अनोळखी नाही. आपल्या घरातील आजी तेलाने बाळाची टाळू भरते आणि साधारण दीड वर्षापर्यंत ती बुजते, हे आपण जाणतो. अनेक चिवावांच्या डोक्यावरील ही मऊ जागा आयुष्यभर उघडी राहते. ती असणे म्हणजे रोगच असे नव्हे, परंतु डोक्यात पाणी साठण्याचा विकार या जातीत अधिक आढळतो, हेही खरे. लहान पिल्लाच्या अंगी साखरेचा साठा नगण्य असतो. काही तास उपास घडला तरी रक्तातील साखर उतरते आणि पिल्लू गळून जाते, झटके देऊ लागते. नवजात कक्षात काम केलेल्यास हे चित्र निराळे समजावून द्यावे लागणार नाही. जन्मानंतर मिटायला हवी ती धमनी उघडी राहण्याचा दोष, म्हणजे आपल्या परिचयाचा पीडीए, पॉमेरेनियन, मॉल्टीज, पूडल यांसारख्या जातींत तुलनेने अधिक दिसतो. गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे, दुधाचे दात न पडणे याही लहान जातींच्या नेहमीच्या तक्रारी. यांपैकी पुष्कळशा दोषांत आईबापांकडून आलेल्या वारशाचा भाग असतो. म्हणूनच चांगला ब्रीडर नर-मादीचे गुडघे, हृदय, डोळे पशुवैद्याकडून तपासून घेतल्याशिवाय जोडी लावत नाही आणि त्या तपासणीचे कागद मागितल्याबरोबर पुढे ठेवतो.

आता आईकडे वळू. आई पाहिली की चार गोष्टी एका दृष्टिक्षेपात कळतात. ती अंगाने भरलेली आहे की बरगड्या दिसताहेत; माणसाजवळ येते की कोपऱ्यात दडते; तिचा स्वतःचा आकार किती आहे, म्हणजे पिल्लू मोठे होऊन किती होईल; आणि मुख्य म्हणजे पिल्लू अजून तिच्या सहवासात आहे की नाही. पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ सामाजिक शिक्षणाचा असतो. जोरात चावले की भावंड ओरडते, आई दटावते, यातूनच दातांचा जोर आवरायला पिल्लू शिकते. पाचव्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाला हे शिक्षण मिळालेले नसते आणि ते अपुरे शिक्षण पुढे आपल्या मुलाच्या बोटांवर उमटते.

कायदाही येथे पिल्लाच्या बाजूने उभा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र सरकारने २०१७ साली श्वानपैदास व विक्रीविषयक नियम केले. त्यांनुसार राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याखेरीज हा व्यवसाय करता येत नाही आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिच्याकडून वेत घेता येत नाही आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. पिल्लाला मायक्रोचिप लावणे व विक्रीची नोंद ठेवणे हेही ब्रीडरचे कर्तव्य आहे. कर्नाटक असो, गोवा असो वा महाराष्ट्र, हे नियम केंद्राचे असल्याने सर्वत्र सारखेच लागू आहेत. तथापि प्रमाणपत्र मागणारा ग्राहकच नसेल, तर ते भिंतीवर लागणार कसे?

कागदांविषयी एक सावधगिरी. केनेल क्लब ऑफ इंडिया ही १८९६ पासूनची संस्था वंशावळीची नोंद ठेवते. तिच्या प्रमाणपत्रावरून पिल्लाचे आईबाप कोण ते कळते. पिल्लू निरोगी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्याकडे गल्लोगल्ली 'पॉमेरेनियन' म्हणून ओळखली जाणारी पांढरी कुत्री पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतात, म्हणून जातीची खात्री हवी असल्यास कागद उपयोगाचा. परंतु प्रकृतीची खात्री पशुवैद्यच देईल. लसीकरणाच्या पुस्तिकेवर लसीच्या कुपीचे लेबल, तारीख आणि पशुवैद्याची सही-शिक्का पाहावा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, रेबीजची लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर. सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या पुस्तिकेत रेबीजची नोंद असेल, तर ती पुस्तिका पिल्लाविषयी नव्हे, विक्रेत्याविषयी बरेच काही सांगते.

चांगल्या ब्रीडरची माझ्या मते सर्वांत खात्रीची खूण निराळीच आहे. तो आपलीच उलटतपासणी घेतो. घरी दिवसभर कोण असते? मूल किती वर्षांचे? गावी जाताना कुत्रे कोठे ठेवणार? तीन-चार वर्षांचे मूल असल्यास तो बहुधा नकार देतो, कारण दीड किलोचे पिल्लू मुलाच्या हातून सोफ्यावरून पडले तरी त्याचे हाड मोडू शकते. तो एकाच वेळी दहा जाती विकत नाही, दोन-तीन महिने थांबायला लावतो, आणि न जमल्यास पिल्लू परत घेईन, असे लेखी देतो. याउलट जो "आजच न्या, उद्या मिळणार नाही" म्हणतो, छायाचित्र पाठवून आगाऊ रक्कम मागतो, पिल्लू बसस्थानकावर आणून देतो आणि घर विचारल्यास गावाचे नाव बदलतो, त्याच्याकडील आई कोणत्या पिंजऱ्यात असेल, याची कल्पना सुज्ञास सहज करता येईल. पार्व्होची लक्षणे संसर्गानंतर सामान्यतः तीन ते सात दिवसांनी दिसतात. पिल्लू हाती देताना उड्या मारत असते आणि आठवडा उलटायच्या आत सलाईनवर जाते, तोवर विक्रेत्याचा दूरध्वनी बंद झालेला असतो.

जातिवंत पैदास हे मुळात निंद्य कर्म नव्हे, हे आपल्या भागातील लोकांस सांगायला नको. मुधोळ आपल्यापासून दूर नाही. तेथील संस्थानिक घोरपडे घराण्याने जोपासलेल्या शिकारी कुत्र्याचे चित्र २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिकिटावर छापले. त्या पैदाशीत धाव, छाती, पाय आणि दम यांची पारख होती. आज इवल्या कुत्र्यांच्या बाजारात ही पारख जाऊन केवळ वजनकाटा उरला आहे, हे माझे दुःख आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की रस्त्यावर इतकी पिल्ले निराधार असताना विकत घ्यावेच कशाला? ज्याला सोबती हवा आहे आणि जागा आहे, त्याने गावठी पिल्लू अवश्य पाळावे. त्याच्यासारखे काटक कुत्रे दुसरे नाही. परंतु मुले पुण्या-बेंगळुरास वा परदेशी गेलेली, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, सत्तरीतली जोडपी आपल्या समाजात वाढत आहेत. त्यांना मांडीवर बसणारे कुत्रे हवेसे वाटले तर त्यात गैर काय? त्यांना उपदेशाची नव्हे, योग्य मार्गदर्शनाची गरज आहे. दुसरा आक्षेप असा, की माणसांचे प्रश्न अपार असताना कुत्र्यांची एवढी चिकित्सा कशाला? माझे उत्तर असे, की घरी आणलेले कुत्रे चौदा-पंधरा वर्षे आपल्या मुलांसोबत राहणार आहे. निर्बल जिवाशी कसे वागावे, याचा पहिला धडा मूल त्याच्याकडूनच गिरवते. तो जीव विकत घेण्याची आपली रीतही मूल पाहत असते.

अखेरीस व्यवसायबंधू-भगिनींना एक विनंती. डॉक्टरांपाशी पैसा असतो, वेळ नसतो, आणि नेमक्या याच ग्राहकाच्या शोधात तो बाजार असतो. आपण पिल्लू घेणार असू तर एक रविवार काढून ब्रीडरच्या घरी जावे. आपल्या गावच्या पशुवैद्याला आधी विचारावे, कारण कोणाकडची पिल्ले वारंवार आजारी पडतात, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. घेतल्यापासून दोन-तीन दिवसांत पिल्लू त्याच्याकडून तपासून घ्यावे. आणि पालकांनी "चालेल ना?" असे विचारल्यास केवळ ॲलर्जीची माहिती देऊन थांबू नये. त्यांना एकच प्रतिप्रश्न विचारावा : "पिल्लाची आई पाहिलीत का?" तो प्रश्न पुरेशा ग्राहकांच्या तोंडी आला, तर ज्यांना आई दाखवता येत नाही त्यांचा धंदा बसेल, आणि ज्यांना दाखवता येते त्यांना त्यांच्या कष्टांचे चीज झाल्यासारखे वाटेल.