जेलीफिशचा डंख आणि समुद्राचा हिशेब

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या जुहू चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या अनेकांना निळ्या, फुग्यासारख्या दिसणाऱ्या जीवांचा दंश झाला, तेव्हा तो 'जेलीफिशचा हल्ला' ठरला. हल्ल्यात हेतू गृहीत असतो. ज्याला मेंदूच नाही त्याला हेतू कोठून असणार? तो निळा जीव, ब्लूबॉटल, काटेकोर अर्थाने जेलीफिशही नव्हे; तिचा दूरचा नातलग. तथापि डंखाचे तंत्र दोघांचेही एकच.

जेलीफिशच्या शरीरात सुमारे ९५ टक्के पाणी असते. हाडे नाहीत, हृदय नाही. अन्न आत घेण्याचे आणि मळ बाहेर टाकण्याचे द्वारही एकच. तिच्या लोंबत्या तंतूंवर असंख्य दंशपेशी असतात आणि प्रत्येकीत एक पोकळ, वेटोळे घातलेला सूक्ष्म धागा प्रचंड दाबाखाली दडलेला असतो. स्पर्श होताच तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात सुटतो व विष टोचतो. यासाठी प्राणी जिवंत असण्याचीही गरज नसते. म्हणूनच वाळूवर मरून पडलेल्या जेलीफिशला अनवाणी तुडवू नये, दंशाची जागा चोळू नये आणि श्वास जड होऊ लागल्यास विनाविलंब डॉक्टर गाठावा.

परंतु माणसाच्या कातडीला होणारा दाह हा या प्रकरणातील लहानसा भाग आहे. खरा प्रश्न तिच्या आहाराचा आहे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, माशांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्ले हे तिचे अन्न. उपासमार झाली तर ती आकाराने लहान होऊन तग धरते. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही अनेक जाती टिकतात. अशा प्रतिस्पर्ध्याला आवर घालतात ते तेच अन्न खाणारे मासे. ते मासेच आपण उपसून काढले तर?

या प्रश्नाचे उत्तर नैऋत्य आफ्रिकेतील नामिबियाच्या किनाऱ्यावर मिळते. आपल्या तारलीच्या कुळातील सार्डिन मासळी तेथे विपुल होती. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिची वार्षिक पकड दहा लाख टनांच्याही वर गेली आणि पुढच्या दशकात तो साठा कोसळला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्या सागरी पट्ट्यात जेलीफिशचे वजन १२२ लाख टन, तर माशांचे अवघे ३६ लाख टन भरले. या उलथापालथीमागे अतिरेकी मासेमारी हे एक प्रमुख कारण शास्त्रज्ञ मानतात. जेलीफिश माशांची अंडीच खात असल्याने गेलेली मासळी परतणेही दुष्कर होऊन बसते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर व्याजावर जगण्याऐवजी मुद्दल खाल्ले गेले, आणि वहीत मात्र ते उत्पन्न म्हणून मांडले गेले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत पकडलेल्या मासळीची किंमत येते. समुद्रात उरलेल्या साठ्याची घट वजा होत नाही.

महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ पासून आहे. २०२१ मध्ये दुरुस्ती करून त्यातील दंड वाढविण्यात आला. पावसाळी बंदीही दरवर्षी लागू होते. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती त्याचा भार समान वाटण्याची. लहान होडीवाला किनाऱ्यावर बसून बंदी पाळणार आणि मोठ्या भांडवलाच्या नौका नियम चुकवून बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लेही ओढणार, असे चालले तर ती बंदी गरिबाकडून सक्तीने घेतलेली बचत ठरेल, आणि तिचे व्याज खाणारा भलताच असेल. बंदीच्या काळात लहान मच्छीमाराला पुरेसे निर्वाहसाहाय्य आणि नियम मोडणाऱ्या मोठ्या नौकांवर निरपवाद कारवाई, या दोन्ही गोष्टी एकत्रच झाल्या पाहिजेत.

जेलीफिशला मेंदू नाही, म्हणून तिला दोष देता येत नाही. आपल्याला ती सबब उपलब्ध नाही.