जुन्या मोटारीची तेरीज

हिशेबनिसांच्या जगात एक जुना संकेत आहे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी खतावणी फाडून नवी लिहीत नाही. प्रथम फरकाची रक्कम पाहावयाची. तिला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा कोठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते. 54 च्या जागी 45 पडलेले असतात. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद कीर्दीत आढळली, तर ती जमेऐवजी नावे पडली असण्याचा संभव असतो. चूक कोठे दडली आहे हे फरकच सांगतो. कार्बुरेटरच्या जुन्या मोटारीलाही हाच न्याय लागू पडतो.

आपल्या व्यापारी घरांत अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी मारुती 800 जपून ठेवलेली दिसते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटला पुढे 1974 पासून पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे इंजिन 1089 घन सेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे; 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 चे 796 घन सेंटीमीटरचे, तीन सिलिंडरांचे. या गाड्यांत दोष सांगणारा संगणक नाही. तेथे डोळे, कान, नाक आणि धीर एवढीच साधने.

तुमसरच्या एका धान्य व्यापारी कुटुंबातील प्रकरण गेल्या उन्हाळ्यात पाहण्यात आले. वडिलांच्या हातची पद्मिनी. भंडाऱ्याकडे निघाली की मोहाडी ओलांडल्यावर आचके देऊन बंद पडावयाची आणि दहा-पंधरा मिनिटांनी, जणू काही झालेच नाही अशी, सुरू व्हावयाची. गॅरेजमध्ये कॉइल, पॉइंट आणि पेट्रोल पंप एकाच बिलात बदलले गेले. कार्बुरेटरही उघडून साफ झाला. दोष मात्र जागच्या जागी. थोरल्या भावाच्या मनात गॅरेजवाल्याविषयी संशय शिरला, धाकट्याने भंगाराचा भाव विचारून ठेवला आणि आई दोघांशीही बोलेनाशी झाली.

अखेर एका वयोवृद्ध मिस्त्रींना बोलावण्यात आले. त्यांनी बॉनेट न उघडता आधी विचारले, “भाऊ, गाडी उन्हातच बंद पडते की सकाळच्या गारव्यातही?”

“पहाटेसुद्धा पडली होती, काका.”

“मग दोष उन्हाचा नाही. पडल्यावर कधी टाकीचे झाकण उघडून पाहिले का?”

“नाही.”

गाडी रस्त्यावर नेली. ती बंद पडताच मिस्त्रींनी झाकण फिरविले. आत हवा शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज सर्वांनी ऐकला आणि गाडी तत्काळ सुरू झाली. झाकणातील हवेचे बारीक छिद्र धूळ व रंगाने बुजले होते. पेट्रोल जसजसे कमी होई, तसतशी टाकीत निर्वात पोकळी तयार होई आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नसे. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू झिरपे. एका टाचणीने काम झाले.

गॅरेजवाला अप्रामाणिक होता काय? तसे म्हणता येणार नाही. त्याला ‘गाडी बंद पडते’ एवढेच सांगितले होते. तक्रार अर्धी असेल, तर निदानही अर्धेच होणार. शिवाय तीन भाग एकदम बदलल्यावर दोष गेला असता, तरी तो कोणत्या भागात होता हे कोणालाच कळले नसते. म्हणून पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गाडी चालवून पाहावी.

दुसरा नियम क्रमाचा. इंजिनला तीन गोष्टी लागतात: योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. कार्बुरेटरवर संशय सर्वांत आधी जातो; पण जाणकार मिस्त्री आधी ठिणगी तपासतात. झिजलेले पॉइंट, दुबळा कंडेन्सर, तडकलेली वितरकाची टोपी यांची लक्षणे कार्बुरेटरच्या दोषासारखीच दिसतात.

प्लग काढून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. टोक बिस्किटासारखे तपकिरी असेल, तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त: चोक अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला किंवा फ्लोटची सुई गळणारी. टोक पांढरे पडले असेल, तर पेट्रोल कमी: जेटमध्ये कचरा किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जादा हवा. तेलकट असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे पाहावे. धूरही हेच सांगतो. काळा धूर पेट्रोलचा, निळा ऑइलचा. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे.

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात आणखी एक शक्यता असते. प्रखर उन्हात पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होते आणि द्रव पुढे सरकत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून गाडी सावलीत उभी करावी, पंपावर ओले फडके ठेवावे. हा दोष उष्णतेतच दिसतो. झाकणाचा दोष ऋतू पाहत नाही. मिस्त्रींचा पहिला प्रश्न म्हणूनच नेमका होता.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार करावा लागतो. एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 किलो. नव्या गाडीतील संगणक हे प्रमाण सांभाळून घेतो. कार्बुरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे असल्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये आणि नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत. पेट्रोलचे काम करताना इंजिन थंड असावे, बॅटरीची तार सुटी असावी आणि जवळपास विडी-सिगारेट वा दिवा नसावा. कार्बुरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची सवय तर कायमची सोडावी.

गाडी भंगारात द्यावी की ठेवावी, हा निर्णय दाबाची तपासणी झाल्यावरच घ्यावा. सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण दहा टक्क्यांच्या आत असतील, तर इंजिनचे भांडवल शाबूत आहे असे समजावे. एखादा आकडा खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. न चढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग खर्चाचा अंदाज घ्यावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क आणि योग्यता तपासणीही त्याच हिशेबात धरावी. गाडी ठेवणे परवडत नसेल, तर देण्यात कमीपणा नाही. मात्र तो निर्णय आकड्यांवरून व्हावा, वैतागाने नव्हे.

यासाठी गाडीत एक छोटी वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, हवामान, चढण होती की सपाट रस्ता, इंजिन थंड होते की तापलेले, आणि नेमके काय घडले. व्यापारी घराला रोजमेळ लिहिण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही. ही वही मिस्त्रींच्या हाती दिली, तर त्यांचा वेळ वाचेल, आपला पैसा वाचेल आणि एका भल्या माणसावर विनाकारण संशय घेण्याची वेळ येणार नाही.