आधी एक माग, मग चार

रमजान ईद झाली आणि चार दिवसांनी माझा भाचा दुकानावर आला. नुकताच बी.कॉम. झालेला, हुशार मुलगा. म्हणाला, "मामू, मी अरबी, फारसी आणि चिनी अशा तीन भाषांचा एकत्र क्लास लावतो आहे. वर्षभरात तिन्ही येतील. मग दलालाची गरजच उरणार नाही." क्लासची फी मोठी होती आणि ती भरण्यासाठी माझ्या बहिणीने हातातल्या बांगड्या मोडायची तयारी केली होती. मी त्याला हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत जो विचार केला तो आज व्यापारी व कारागीर बांधवांसमोर ठेवत आहे, कारण हा प्रश्न एकट्या माझ्या भाच्याचा नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, जिथे जिथे आपली मुले शिकून कारोबारात येत आहेत तिथे तिथे हाच प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. परकीय भाषा शिकण्याला माझा विरोध नाही. उलट ती न येण्याची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजत आलो आहोत. सूत आपले, माग आपला, रात्रपाळीची मेहनत आपली आणि गिऱ्हाईकाशी बोलणारा मात्र तिसराच. त्याने तिकडे काय भाव सांगितला आणि इकडे काय सांगितला, हे फक्त त्यालाच ठाऊक. तेव्हा भाषा शिकलीच पाहिजे. वाद आहे तो एकाच वेळी तीन-तीन भाषा शिकण्याबद्दल.

हा उद्योग मी स्वतः करून पाहिला आहे. माझे सारे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. त्यामुळे अरबी-फारसी आपल्याला अर्धी येतेच, असा माझा समज होता. २००६ साली दुबईला जायचे ठरले. सकाळी फजरनंतर अरबीचे पुस्तक, रात्री दुकान वाढवल्यावर फारसीचे, आणि जुम्याच्या सुट्टीत चिनी भाषेची सीडी, असा आठ महिने क्रम ठेवला. वह्या भरल्या, मनाला समाधान झाले.

दुबईच्या देरा भागात पहिल्याच दिवशी एका अरब व्यापाऱ्याने माझ्याकडे 'रक्म' मागितली. मला वाटले, हा आगाऊ रक्कम मागतो आहे, आणि मी चेहरा पाडला. तो बिचारा टेलिफोन नंबर मागत होता. अरबीत रक्म म्हणजे आकडा, नंबर. आपण 'माल' म्हणतो तो विकायचा जिन्नस, त्यांच्याकडे माल म्हणजे पैसा, दौलत. आपला 'जुमला' म्हणजे वाक्य किंवा एकूण बेरीज, त्यांच्या बाजारात जुमला म्हणजे ठोक विक्री. शेजारच्या इराणी व्यापाऱ्याकडे गेलो तर तो कापडाला 'पार्चे' म्हणे आणि माझ्या डोळ्यांसमोर परीक्षेचा पर्चा येई. भावात सूट हवी असेल तर अरब 'खस्म' म्हणतो, इराणी 'तख्फीफ' म्हणतो. मी अरबाला तख्फीफ म्हणालो आणि इराण्याला खस्म. दोघेही हसले.

हसण्यावर गेले ते ठीक, पण पुढचे हसण्यासारखे नव्हते. त्या अरब व्यापाऱ्याने हाताने लिहिलेली ऑर्डरची चिठ्ठी दिली. मी ७० थान वाचले आणि ७० पाठवले. त्याने लिहिले होते ६५. अरबी सहाचा आकडा इंग्रजी सातासारखा दिसतो आणि अरबी पाच म्हणजे साधे वर्तुळ, आपल्या शून्यासारखे. त्यांचे शून्य नुसता ठिपका असते. उर्दू आणि फारसीत पाच व सहा यांची वळणे निराळी. सकाळी एक वळण आणि रात्री दुसरे वळण घोटल्यामुळे माझ्या नजरेत एकही पक्के बसले नव्हते. पाच थान परत आणायचे भाडे परवडेना. शेवटी ते तिकडेच मातीमोल भावाने सोडले. नुकसान पाच थानांचे झाले, पण त्या गिऱ्हाईकाने दुसरी ऑर्डर दिली नाही. हे खरे नुकसान.

असे का होते? भाषा शिकवणारी जाणकार मंडळी सांगतात की नवी भाषा कच्ची असताना तिच्याजवळचीच दुसरी कच्ची भाषा घेतली तर दोन्हींचे शब्द एकमेकांत मिसळतात. तोंड अरबीसाठी उघडते आणि बाहेर फारसी पडते. याउलट आपली मातृभाषा फारशी मध्ये येत नाही, कारण ती पक्की असते. म्हणजे दोष भाषांच्या संख्येचा नाही, कच्चेपणाचा आहे.

ही गोष्ट आपल्या कारागिराला मी काय समजावणार! नवा पोरगा कारखान्यात आला तर त्याला पहिल्या दिवशी चार मागांवर कोणी उभे करत नाही. आधी एक माग. तुटलेला धागा सांधणे, कांडी बदलणे, आवाजावरून बिघाड ओळखणे हे अंगात मुरले की दोन माग. मग तोच पोरगा पुढे चार आणि सहा माग सांभाळतो. पहिल्याच दिवशी चार दिले तर चारही माग बंद पडतील आणि कापडात दोष येईल तो वेगळाच.

याच धंद्यातले एक उदाहरण देतो. हाइनरिख श्लीमान (१८२२-१८९०) हा जर्मन माणूस ट्रॉय शहराचे अवशेष खणून काढणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पण तो आधी व्यापारी होता, आणि तोही निळीचा, म्हणजे कापड रंगवण्याच्या मालाचा. तरुणपणी ॲमस्टरडॅममध्ये साधा कारकून असताना पगारातला अर्धा भाग तो शिकण्यावर खर्च करी. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की इंग्रजीला सहा महिने लागले, फ्रेंचला सहा महिने, आणि त्यानंतर डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या भाषा प्रत्येकी सहा आठवड्यांत आल्या. लक्षात घ्या, एकामागून एक. १८४४ साली त्याने रशियन हाती घेतली, कारण निळीच्या खरेदीला रशियन व्यापारी येत. शिक्षक मिळेना, तेव्हा आठवड्याला चार फ्रँक देऊन एक माणूस नुसता ऐकायला बसवला आणि त्याच्यासमोर मोठ्याने पाठ म्हणे. शेजारी कंटाळले, दोनदा खोली बदलावी लागली. पण १८४६ मध्ये त्याच्या पेढीने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून सेंट पीटर्सबर्गला पाठवले.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जुने आहे. तिर्मिजी शरीफमधील रिवायत आहे की पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी पत्रव्यवहारासाठी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि ती त्यांनी पंधरवड्याच्या आत आत्मसात केली. काम एक, भाषा एक आणि त्यामागे हेतू स्पष्ट होता की आपल्या पत्रांसाठी दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये. व्यापाऱ्याने याहून वेगळा धडा शोधायची गरज नाही.

काही वाचक म्हणतील, आपली मुले घरी उर्दू, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषा एकत्र शिकतातच ना? होय, शिकतात. पण त्या भाषा दिवसभर त्यांच्या कानावर पडत असतात. चुकले तर शेजारीण सुधारते, दुकानदार सुधारतो. चिनी भाषा सुधारायला आपल्या मोहल्ल्यात कोण आहे? चिनीत 'माय' हा एकच उच्चार सूर खाली नेऊन पुन्हा वर उचलला तर 'विकत घेणे' होतो आणि वरून खाली आपटला तर 'विकणे' होतो. घेणारा कोण आणि देणारा कोण, एवढा फरक एका सुरावर आहे. ते आठवड्यातून एका दिवसाचे काम नव्हे.

दुसरे म्हणतील, आता मोबाईल तर्जुमा करतो, शिकायचे कशाला? पत्र वाचायला, बिल समजायला मोबाईल जरूर वापरावा. परंतु भाव तुटण्याच्या क्षणी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे असते, हातातल्या काचेकडे नव्हे.

तेव्हा माझा सल्ला असा. ज्या मुलखात आपला माल खरोखर जातो किंवा जिथून आणायचा आहे, तिथली एकच भाषा आधी निवडा. पहिले तीन महिने फक्त आकडे, वजन-माप, रंग, कापडाची नावे, उधारी आणि मुदत एवढेच शिका, आणि आकडे त्यांच्याच हस्ताक्षरात वाचायला शिका. रोज अर्धा तास, पण रोज. गिऱ्हाईकाशी दहा मिनिटे न अडखळता बोलता येऊ लागले की दुसरी भाषा घ्या, आणि पहिलीला आठवड्यातून दोनदा हात लावत राहा, नाहीतर ती गंजते. दोन भाषा एकत्र घेणे भागच असेल तर अरबीसोबत फारसी घेऊ नका, इंग्रजी किंवा चिनीसारखी दूरची घ्या. आणि ज्यांची मराठी अजून कच्ची आहे त्यांनी आधी ती पक्की करावी. वीज बिलापासून तहसील कचेरीपर्यंत रोजचे काम तिच्यावाचून अडते. उर्दू माध्यमाचा विद्यार्थी म्हणून हे मी माझ्याच अनुभवाने सांगतो.

दोन दिवसांनी भाचा आला. मी त्याला पाच थानांची गोष्ट सांगितली आणि म्हटले, "बेटा, अरबी तुला जवळची आहे, आपले गिऱ्हाईकही तिकडचे आहे. एकट्या अरबीची फी मी भरतो. वर्षाने माझ्यासमोर अरब व्यापाऱ्याशी टेलिफोनवर सौदा करून दाखव, मग चिनीचे पैसेही मीच देईन." तो थोडा नाराज झाला. तीन भाषांची ऐट एका भाषेत येत नाही, हे मलाही समजते. पण बहिणीच्या बांगड्या तिच्या हातात राहिल्या, आणि परवा त्याने मला एक चिठ्ठी दाखवली. तीवर अरबी वळणात ६५ लिहिले होते.