दुरुस्तीचा हक्क आणि कारागीर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एखाद्या दुकानात सत्तरच्या दशकातील स्टिरिओ अँप्लिफायर नेला, तर कारागीर झाकण उघडतो, फुगलेला कपॅसिटर काढून नवा सोल्डर करतो, आवाजाच्या बटणामागची धूळ झाडतो. पन्नास वर्षांचे यंत्र पुन्हा गाऊ लागते. हे शक्य होते, कारण त्या काळी सर्किटचा नकाशा बहुधा उपलब्ध असे आणि सुटे भाग कोणत्याही कंपनीचे चालत. कारखानदार तेव्हा उदार होते असे नव्हे. नफ्याची ही वाट त्यांना अजून गवसली नव्हती, इतकेच! आता अनेक उपकरणांचे भाग डिंकाने चिकटवलेले असतात व नकाशा कुलूपबंद. ग्राहक नाडला जातो, त्याची निदान तक्रार तरी होते. कारागिराचे हातचे कसब निरुपयोगी ठरते, त्याची दाद कोण घेणार?

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही उघडले. परंतु त्यावर माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले. नकाशे आणि सुटे भाग रस्त्यावरच्या दुकानदारालाही रास्त दरात देण्याची कायदेशीर सक्ती हवी. ही मागणी केवळ ग्राहक संघटनांची नाही. ती कामगार चळवळीच्या ठरावांत आली पाहिजे.