आदेश गेला, अधिकार कायम

देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालून द्यावे, हा दूरसंचार खात्याचा २८ नोव्हेंबर २०२५ चा आदेश केंद्र सरकारने ३ डिसेंबर २०२५ रोजी मागे घेतला. माघार घेतली हे बरेच झाले. पण तिचे कारण ऐकल्यावर समाधान मानावे असे फारसे उरत नाही. ॲपचा स्वीकार वाढतो आहे, एका दिवसात सहा लाख जणांनी नोंदणी केली, म्हणून आता सक्ती नको, असे सरकार म्हणते. नागरिकाच्या फोनमध्ये त्याला न विचारता शिरणे चूक होते, असा एक शब्दही त्यात नाही. मग उद्या नोंदणी मंदावली तर सक्ती पुन्हा येणार काय? ज्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांच्या बळावर हा आदेश निघाला, ते नियम जागेवरच आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुरुस्ती करून त्यांची व्याप्ती वाढवली गेली, तीही तशीच आहे. आदेश गेला, तो काढण्याचा अधिकार गेला नाही, आणि आमचा आक्षेप त्या अधिकारालाच आहे.

हा आदेश आला कसा, तेही विसरून चालणार नाही. तो कंपन्यांच्या हाती पडला आणि जनतेला वृत्तसंस्थेच्या बातमीतून कळला. संसदेत चर्चा झाली नाही, हरकती मागवल्या नाहीत. कंपन्यांना ९० दिवसांची मुदत देण्यात आली आणि बाजारात पोहोचलेल्या फोनमध्येही अपडेटमधून ॲप घालण्यास सांगण्यात आले. ॲपची कोणतीही सोय बंद वा मर्यादित होणार नाही याची खबरदारी घ्या, असेही आदेशात होते. गदारोळ झाल्यावर दळणवळण मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सांगितले, की नको असेल त्याने ॲप खुशाल काढून टाकावे. मंत्र्यांचे तोंडी आश्वासन आणि खात्याचा लेखी हुकूम यांत फरक पडला, तर कंपनी लेखी हुकूमच पाळणार. अँड्रॉइड फोनवर हे ॲप कॉल आणि संदेशांच्या नोंदी, फोटो, फाइल्स, कॅमेरा यांची परवानगी मागते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, वैध उद्देश आणि उद्देशाच्या प्रमाणातच उपाय या कसोट्या घालून दिल्या. कोट्यवधी निरपराध माणसांच्या फोनमध्ये सरसकट शिरणारा उपाय प्रमाणात कसा बसतो, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे होते. ते दिले नाही.

ऑनलाइन फसवणूक आणि फोनचोरी यांचा त्रास खरा आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते, हे महाराष्ट्रात रोज घडते आहे. पण चोरीला गेलेला फोन बंद करण्याची, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहण्याची आणि संशयास्पद कॉलची तक्रार करण्याची सोय संचार साथीच्या संकेतस्थळावर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उपलब्ध आहे. ज्याला हवी तो ती वापरतो. खासगी कंपन्या तुमची सगळी माहिती घेतातच ना, असाही एक युक्तिवाद समर्थक करतात. त्यांनाही लगाम घालायला हवा. पण कोणतीही कंपनी तुमच्या दारात पोलीस पाठवू शकत नाही, तुम्हाला कोठडीत टाकू शकत नाही. सरकार हे दोन्ही करू शकते. शिवाय ऐच्छिक ॲप सक्तीचे कसे होते, हे आपण करोनाकाळात ‘आरोग्य सेतू’च्या वेळी पाहिले आहे. एप्रिल २०२० मध्ये ऐच्छिक म्हणून आलेले ते ॲप महिनाभरात कार्यालयात कामावर येणाऱ्या प्रत्येकासाठी बंधनकारक झाले होते.

दुखणे या एका ॲपपुरते नाही. आपल्याकडे फोन टॅपिंगचा आदेश गृहसचिव काढतात आणि तो योग्य होता की नाही हे सचिवांचीच समिती तपासते. या साखळीत न्यायाधीश कुठेही नाही. केंद्राकडून दरमहा साडेसात ते नऊ हजार टॅपिंग आदेश निघत असल्याचे माहितीच्या अधिकारातील अर्जामुळे उघड झाले होते. विदा संरक्षणावरील न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये त्याचा हिशेब मांडला: दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या आढावा समितीने एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासायचे. अशी तपासणी होऊच शकत नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या प्रकरणातील टॅपिंगचे आदेश बेकायदा ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली, कारण सार्वजनिक सुरक्षेला धोका असल्याचे काहीच दाखवता आले नव्हते. तो माणूस न्यायालयापर्यंत पोहोचला. बाकीच्या हजारो लोकांना आपला फोन ऐकला जात होता हे कधी कळतच नाही. २०२३ चा दूरसंचार कायदा ही रचना बदलण्याची संधी होती. सरकारने तिला हात लावला नाही.

ज्या नोव्हेंबरात हा आदेश निघाला, त्याच महिन्यात व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. त्या कायद्याने सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला सुरक्षेच्या वा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली सूट देण्याची मुभा दिली आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलून, सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची त्यातली तरतूद काढून टाकली. सरकारला नागरिकाची माहिती अधिक सहज मिळावी आणि नागरिकाला सरकारची मिळणे अवघड व्हावे, हे एकाच महिन्यात घडले. यामागची दिशा आम्हाला मान्य नाही.

आदेश मागे घेतला गेला तेव्हा संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू होते. सक्तीच्या ॲपचा आदेश कोणत्या बैठकीत, कोणाच्या शिफारशीवरून ठरला, याची कागदपत्रे सरकारने सभागृहापुढे ठेवावीत. फोनमध्ये काय असावे हे सांगणारा कोणताही आदेश गुप्तपणे काढता येणार नाही आणि न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय टॅपिंग होणार नाही, अशी दुरुस्ती दूरसंचार कायद्यात करावी. विरोधी पक्षांनीही माघारीचे श्रेय घेत थांबू नये. त्यांची सरकारे असतानाही टॅपिंगचे आदेश सचिवांच्याच सहीने निघत होते, आणि जिथे ती आहेत तिथे आजही निघतात.