गावाच्या ठरावाला मुदत हवी

शिरूर तालुक्याच्या आग्नेय भागातील मौजे मांडवगण फराटा आणि भीमा ओलांडताच लागणारी दौंड तालुक्यातील गावे यांच्यामध्ये महसुली हद्द आखलेली असली, तरी दोन्ही काठांची सुखदुःखे एकाच पाण्यावर पोसलेली आहेत. ऊस दोन्हीकडे उभा आहे, उसाच्या फडात स्थिरावलेल्या बिबट्याचे भय दोन्हीकडे आहे, आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी भीमेस मिळाल्यानंतर पुणे शहराचा मैलाही दोन्ही काठांशी सारखाच येऊन पोचतो. या गावांच्या ग्रामसभांपुढे येणारे प्रश्न दिसावयास लहान असतात: वस्तीच्या वाटेवरचा दिवा, पिण्याचे पाणी, शेतीपंपाला मिळणाऱ्या विजेची वेळ, पोरांची शाळेपर्यंतची वाट. गाव त्यांवर ठराव करते, तो इतिवृत्तात उतरविला जातो, त्याची नक्कल पंचायत समितीकडे, महावितरणकडे, वन विभागाकडे किंवा पाटबंधारे खात्याकडे रवाना होते. परंतु त्या कार्यालयाने ठराव मान्य केला की अमान्य, आणि अमान्य केला असल्यास कोणत्या कारणास्तव, हे ठरलेल्या मुदतीत लेखी मागून घेण्याचा हक्क गावाच्या हाती नाही. स्थानिक स्वराज्याच्या आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोठे न्यून मला हेच वाटते, आणि ते दूर करणे राज्यशासनास अवघड नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

एकट्या नागरिकाच्या बाबतीत महाराष्ट्राने हे न्यून यापूर्वीच दूर केलेले आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने जन्ममृत्यूची नोंद, विवाहाची नोंद, नमुना ८ चा उतारा अशा सेवांना मुदत घालून दिली, अर्ज फेटाळावयाचा तर कारणे लेखी नमूद करण्याचे बंधन घातले, अपिलाच्या पायऱ्या बांधल्या, त्यांवर आयोग बसविला आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद केली. म्हणजे मांडवगणच्या एका रहिवाशाने आपल्या घराचा उतारा मागितला तर सरकार त्याला उत्तर देण्यास बांधील आहे. त्याच गावच्या शंभर मतदारांनी सभेत बसून, विचारविनिमय करून, एकमुखाने एखादी मागणी केली तर तसे बांधील नाही. २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे आणि त्याप्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे प्रकरण कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये हे खरे. परंतु तो वरिष्ठाने कनिष्ठास शिस्त लावण्याचा कायदा आहे, ठराव करणाऱ्या गावाला त्याने अपिलाची वाट दिलेली नाही.

या उणिवेची किंमत काय पडते, हे शिरूर तालुक्याने बिबट्याच्या प्रश्नात पाहिले आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत धरणांचे व कालव्यांचे पाणी आले, त्यामागोमाग ऊस आला, आणि बारा ते अठरा महिने एका जागी दाट उभ्या राहणाऱ्या त्या पिकात बिबट्याला आडोसा, पाणी आणि गावकुत्र्या-शेळ्यांच्या रूपाने भक्ष्य अशा तिन्ही सोयी मिळाल्या. आज तेथे उसातच जन्मलेल्या आणि जंगल कधीही न पाहिलेल्या बिबट्यांच्या पिढ्या नांदत आहेत. २०२४ मध्ये खुद्द मांडवगण फराट्याच्या शिवारात लहान बालकाचा जीव गेला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तालुक्याच्या उत्तर भागातील पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तीन माणसे बळी पडली, त्यांत दोन मुले होती. तेव्हा वन विभागाचे वाहन पेटविण्यात आले, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडविण्यात आला, आणि त्यानंतर नेमबाज आले व तो बिबट्या मारला गेला. जाळपोळीचे समर्थन कोणीही विचारी मनुष्य करणार नाही. परंतु शांतपणे केलेल्या ठरावाला उत्तराची हमी नाही आणि महामार्ग अडविला की काही दिवसांत सारी यंत्रणा हलते, असा अनुभव आला, तर लोकांनी त्यापासून कोणता बोध घ्यावा, याचा विचार राज्यकर्त्यांनी केला पाहिजे.

बिबट्याला पकडावे की मारावे हे ग्रामसभेने ठरवावे असे मी म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील तो प्राणी आहे, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशावाचून त्याला हात लावता येत नाही, आणि भयाने ग्रासलेल्या सभेच्या हाती हा अधिकार नसणे हे योग्यच आहे. परंतु बिबट्याच्या प्रदेशातील माणसाचे जीवित ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांतील बहुतेक गोष्टी बिबट्याविषयीच्या नाहीतच. शेतीपंपाला वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशा चक्राने मिळते, म्हणून शेतकऱ्याला मध्यरात्री बॅटरी घेऊन बारे द्यावयास उसात शिरावे लागते. हे चक्र महावितरणच्या हाती आहे. वस्तीवरची पोरे संध्याकाळी कोणत्या वाटेने परततात, त्या वाटेच्या दोन्ही अंगांची झुडपे तोडली आहेत की नाहीत, घरात शौचालय नसल्यामुळे कोणती बाई पहाटे अंधारात बाहेर पडते, मेलेली जनावरे आणि कोंबड्यांची घाण कोठे टाकली जाते, हे सारे गावाला इत्थंभूत ठाऊक असते आणि तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला ते ठाऊक असण्याचा संभव नसतो. मृत्यूनंतर वारसांस २५ लाख रुपये देण्याची तजवीज शासनाने केली आहे. ती उचितच आहे. पण त्या रकमेच्या एका लहानशा अंशात कितीतरी वस्त्यांच्या वाटा उजळल्या असत्या.

आणि दिवा लावणे ही तरी गावाच्या पूर्ण स्वाधीन असलेली बाब आहे काय? २०२१ मध्ये पथदिव्यांच्या थकबाकीपायी महावितरणने राज्यातील अनेक गावांचा पुरवठा तोडला, ही बिले आजवर कोण भरत आले आणि यापुढे कोणी भरावीत यावर खाती व सरपंच यांच्यात वाद माजला, आणि अखेर ती पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून ग्रामपंचायतींनी भरावीत असे फर्मान निघाले. त्या आयोगाच्या अनुदानाचा ८० टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना मिळत असे, पण त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांस बांधलेला असे. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपल्या निकडी भागवाव्यात अशी योजना होती. तीत जुन्या थकबाकीचा भार घातला की नव्या वाटेवर नवा खांब उभा करावयास काय उरावे?

नदीचे प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तेथे ज्या निर्णयाचे फळ मांडवगण भोगते तो निर्णय घेणारी संस्था मांडवगणला मुळीच उत्तरदायी नाही. पुण्याच्या नदीशुद्धीसाठी जपानी साहाय्याची सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ च्या आरंभी मार्गी लागली, अकरा मैलाशुद्धी केंद्रे बांधावयाचे ठरले, आणि २०२२ ची मुदत उलटून गेली तरी ते काम संपले नव्हते. पुणेकरांच्या नदीकाठ सुशोभनाची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ होते. खालच्या अंगाला त्याच पाण्यावर शेते भिजविणाऱ्या, जनावरे पाजणाऱ्या आणि विहिरींचे पाणी बिघडलेले पाहणाऱ्या शिरूर-दौंडच्या ग्रामसभांनी ठराव करून महापालिकेस पाठविला, तर तो महापालिकेच्या सभेपुढे वाचला तरी जावा, एवढीही व्यवस्था आपण केलेली नाही.

सार्वजनिक काम सर्वांनी मिळून ठरवावे, ही कल्पना या पंचक्रोशीला परकी नाही. मांडवगणपासून जवळच, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे तेथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. नदीच्या पुराचे पाणी वळवून नेणारा पाट आणि त्यालगतचा बांध त्यांना तेथे सापडला; गावप्रमुखाचे म्हणून ओळखले गेलेले पाच खोल्यांचे घर सापडले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार सापडले. एकट्या कुटुंबाच्या बळावर पाट खणला जात नाही. त्या लोकांना लिपी नव्हती, पण पाटाची दिशा, मजुरीची वाटणी आणि कोठारातील धान्याचा विनियोग यांविषयी त्यांना काही सामाईक निर्णय करावाच लागला असला पाहिजे. पुढे मराठी राज्यात गोतसभा बसे आणि तिचा निवाडा महजरावर उतरे. त्यावर पाटलाची नांगराची निशाणी असे, बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या निशाण्या करीत, आणि अशा महजराला सरकारदरबारी मान असे. त्या सभेत स्त्रियांना स्थान नव्हते आणि जातीची उतरंड तिच्यात पुरेपूर होती, म्हणून ती परत आणावी असे कोणीही म्हणू नये. परंतु तिच्या कागदाला जे वजन होते ते आजच्या, कायद्याने सर्व प्रौढांना समान मानणाऱ्या सभेच्या कागदाला असू नये, याचे वैषम्य वाटते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा ब्रिटिश अंमलाखाली गावाची सामुदायिक व्यवस्था कशी ढासळत गेली होती, याचे साक्षेपी चित्र त्यांनी रेखाटले. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९९३ मध्ये अमलात आलेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती यांनी गावाला सभा दिली, आरक्षण दिले, निधी दिला.

ग्रामसभेचे स्वतःचे दोष मी झाकू इच्छीत नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तिची गणपूर्ती लागते, आणि ती झाली नाही की सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मूठभर माणसे बसून कित्येक महिन्यांचे ठराव उरकतात. सभा गावठाणात, चावडीजवळ किंवा शाळेत भरते. निम्म्याहून अधिक संसार रानातल्या वस्त्यांवर असले तरी तेथील बाया सभेला येत नाहीत, कारण दोन-तीन किलोमीटर चालून आल्यावर परतताना अंधार पडतो. महिलांची सभा आधी घ्यावी, प्रभागांची सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी त्या कागदावरच होतात. हे सगळे खरे असले, तरी त्याची मीमांसा उलट बाजूनेही केली पाहिजे: मागील ठरावाचे काय झाले हे जेथे कधीच कळत नाही, तेथे पुढच्या ठरावासाठी दिवसाची मजुरी बुडवून मनुष्य का येईल? ठरावाला उत्तर मिळू लागले की गणपूर्तीची विवंचना बऱ्याच अंशी सरेल असा मला भरवसा आहे.

ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याने वजन दिले की ती ते पेलते, याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाने दिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तेथील ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार वन विभागाकडून तिच्या हाती आला. अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारने तर पाण्याचा ताळेबंद मांडून ऊस आणि केळी यांसारख्या तहानलेल्या पिकांवर स्वतःच निर्बंध घातले. ऊस हाच ज्यांच्या संसाराचा आधार आहे त्या भीमाकाठच्या गावांकडून तसल्या निर्बंधाची अपेक्षा करणे आज अवास्तव ठरेल. परंतु वस्ती आणि ऊस यांच्यामध्ये किती मोकळी पट्टी ठेवावी, एवढे तरी ही गावे आपसांत निश्चित ठरवू शकतात.

माझी सूचना मोजकीच आहे. लोकसेवा हक्क अधिनियमाखालील सेवांच्या यादीत ‘ग्रामसभेच्या ठरावावरील सकारण लेखी उत्तर’ ही सेवा अंतर्भूत करावी, तिला ४५ दिवसांची मुदत द्यावी, आणि अपिलाचा हक्क ग्रामपंचायतीबरोबरच सभेत हजर असलेल्या कोणाही मतदारास असावा. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. पैसा नाही, कायदा आड येतो, जागा अयोग्य आहे, यांपैकी जे खरे असेल ते अधिकाऱ्याने सहीनिशी लिहावे आणि पुढच्या सभेच्या आरंभी ते वाचले जावे. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर तिचा कारभार प्रशासकाकडे गेला आणि दीर्घ काळ तेथेच राहिला; त्या काळात गाव आणि शासन यांच्यामधला निवडलेला दुवाच नव्हता, तेव्हा अशा बंधनाची उणीव अधिकच जाणवली. निवडलेले सदस्य असतानाही ते बंधन तितकेच आवश्यक आहे.

या योजनेत एका वर्गाची सोय वेगळी करावी लागेल. दर वर्षी गाळप हंगामाच्या तोंडावर बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार या शिवारांत येतात, फडाच्या कडेला कोप्या घालतात आणि आपली पोरे त्या कोप्यांतच ठेवून पहाटे कोयता घेऊन बाहेर पडतात. बिबट्याच्या सर्वांत निकट राहणारी माणसे तीच, आणि ती या गावांची मतदार नसल्यामुळे ग्रामसभेत त्यांचा शब्द नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा हंगामाच्या अगोदर भरते. कोप्या गावठाणालगतच्या उजेडाच्या जागी घालाव्यात, त्यांना पाणी आणि शौचालय कोणी द्यावे, मुलांना जवळच्या अंगणवाडीत दिवसभर कसे ठेवावे, हे त्या सभेत ठरवून कारखान्यास आणि गटविकास अधिकाऱ्यास कळवावयास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मांडवगण फराटा आणि पैलतीरावरील गावांनी यंदाच तो ठराव करावा, आणि त्याचे उत्तर तोडणीची पहिली टोळी येण्यापूर्वी लेखी मागावे.