अख्खा अल्बम लोकांना देऊन टाकणारा बँड स्पॉटिफाय सोडून का गेला?

तारीख २५ जुलै २०२५. मेलबर्नच्या एका रॉक बँडनं इन्स्टाग्रामवर छोटीशी पोस्ट टाकली. स्पॉटिफायचा प्रमुख एआयवर चालणाऱ्या लष्करी ड्रोनच्या धंद्यात पैसे घालतोय, म्हणून आम्ही आमची गाणी तिथून काढून घेतली आहेत, असा तिचा मथितार्थ होता.

बँडचं नाव किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड. नाव घेतानाच दम लागतो, आणि यांचं काम त्याहून दमवणारं आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या या बँडनं जून २०२५ मध्ये ‘फँटम आयलंड’ हा आपला २७ वा स्टुडिओ अल्बम काढला होता. म्हणजे ही पोस्ट आली तेव्हा नव्या अल्बमला दीड महिनाही झाला नव्हता. अशा दिवसांत बाकीचे बँड स्पॉटिफायच्या प्लेलिस्टमध्ये शिरायला धडपडत असतात. हे लोक बाहेर पडले.

चिडून एखादा प्लॅटफॉर्म सोडणं तसं नवीन नाही. प्रश्न असा आहे की हे त्यांना परवडलं कसं? जगात सर्वात जास्त लोक ज्या ॲपवर पैसे भरून गाणी ऐकतात, त्यावरून गायब झाल्यावर बँड जगतो कशावर? याचं उत्तर शोधायचं तर २०१७ सालच्या एका अल्बमपर्यंत मागं जावं लागतं.

एका वर्षात पाच अल्बम

या बँडनं जाहीर केलं होतं की २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढणार. ऐकणाऱ्यांना वाटलं, बोलायला काय जातं! पण त्यांनी काढले. पहिला फेब्रुवारीत आणि पाचवा ३१ डिसेंबरला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी.

पहिल्या अल्बमचं नाव होतं ‘फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना’. पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधले सूर वाजवता यावेत म्हणून त्यांनी जादा पडदे बसवलेली गिटार बनवून घेतली होती. श्रुती हा शब्द ज्यांच्या कानावरून गेलाय त्यांना ही कल्पना लगेच कळेल. फक्त इथं प्रेरणा भारतीय नव्हती, तुर्कस्तानच्या बाग्लामा या तंतुवाद्याची होती.

आपल्या गोष्टीतला अल्बम मात्र चौथा आहे. त्याचं नाव ‘पॉलिगॉन्डवानालँड’, प्रकाशन १७ नोव्हेंबर २०१७.

या नावाशी आपलंही एक नातं आहे, ते सांगून पुढं जाऊ. पॉलिगॉन म्हणजे बहुभुज, आणि गोंडवाना म्हणजे ज्या प्राचीन महाखंडात भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका एकमेकांना चिकटलेले होते तो. त्या महाखंडाला नाव मिळालं ते मध्य भारतातल्या गोंडवाना प्रदेशावरून, कारण तिथल्या खडकांचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकात हा शब्द रूढ केला. या प्रदेशाचा एक भाग म्हणजे आपले चंद्रपूर आणि गडचिरोली. गडचिरोलीत तर गोंडवाना नावाचं विद्यापीठच आहे. मेलबर्नच्या पोरांनी अल्बमला नाव देताना हे सगळं डोक्यात ठेवलं असेल असं अजिबात नाही, पण शब्द आपल्याकडून गेलाय एवढं खरं.

‘हा घ्या, तुमचाच आहे’

हा अल्बम त्यांनी फुकट दिला. तेवढ्यावरच थांबले असते तर फार काही नव्हतं. २००७ मध्ये रेडिओहेड या बड्या ब्रिटिश बँडनं ‘इन रेनबोज’ हा अल्बम ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून इंटरनेटवर टाकला होता आणि जगभर खळबळ उडवली होती.

किंग गिझर्ड एक पाऊल पुढं गेले. त्यांनी रेकॉर्ड छापायला लागणाऱ्या दर्जाच्या ध्वनीच्या आणि कव्हरच्या फाइल्सही लोकांच्या हवाली केल्या. कॅसेट बनवा, सीडी बनवा, विनाइल रेकॉर्ड छापा, विका किंवा वाटा. आमची परवानगी नको आणि आम्हाला पैसेही नकोत, असा सरळ हिशेब.

मग जे झालं ते बघण्यासारखं आहे. जगभरातल्या लहान लहान लेबलांनी, रेकॉर्डच्या दुकानांनी, काही ठिकाणी तर नुसत्या चाहत्यांच्या टोळक्यांनी क्राउडफंडिंग करून हा अल्बम छापला. कुणी लाल विनाइलवर, कुणी चट्ट्यापट्ट्यांच्या. रेकॉर्डची नोंद ठेवणाऱ्या डिस्कॉग्ज या वेबसाइटवर या एका अल्बमच्या शेकडो आवृत्त्या दिसतात. एरवी इतक्या आवृत्त्या व्हायला बीटल्ससारखं नाव आणि काही दशकं लागतात.

बँडला एक रुपया न मिळता त्यांचा अल्बम जगभरच्या दुकानांत पोहोचला. छापण्याचा खर्च, गोदाम, वाहतूक, जाहिरात, सगळं दुसऱ्यांनी केलं. आणि ज्यानं स्वतःच्या खिशातले पैसे घालून एखाद्या बँडचा अल्बम छापला, तो माणूस त्या बँडचं तिकीट आयुष्यभर काढतो.

ही दानत होती की धंद्याची हुशारी? मला वाटतं दोन्ही. पण हे शक्य झालं याचं कारण वेगळंच आहे. त्या वेळी बँडचं ऑस्ट्रेलियातलं लेबल त्यांच्याच तेव्हाच्या ड्रमरनं सुरू केलेलं होतं. इंडी म्हणतात ते हेच. (इंडी म्हणजे इंडियन नव्हे, इंडिपेंडंट.) एखाद्या बलाढ्य म्युझिक कंपनीशी करार असता तर असा अल्बम वाटून टाकायची गोष्ट कंपनीच्या वकिलानं पहिल्याच मीटिंगमध्ये संपवली असती.

पुढंही त्यांनी हाच खाक्या ठेवला. २०२० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात वणवे पेटले होते, तेव्हा लाइव्ह अल्बम काढून त्याचे पैसे मदतीला दिले. मग ‘बूटलेगर’ नावाची योजना आणली. त्यात कॉन्सर्टची रेकॉर्डिंग्ज कुणीही छापून विकावीत, बदल्यात थोड्या प्रती बँडला विकायला पाठवाव्यात, एवढीच अट. २०२४ च्या अमेरिका दौऱ्यातल्या कॉन्सर्ट तर यूट्यूबवर फुकट लाइव्ह दाखवल्या.

स्पॉटिफायचा पैसा फिरतो कसा?

समजा तुम्ही महिन्याला १०० रुपये भरता आणि महिनाभर एकाच बँडची गाणी ऐकता. तुमचे पैसे त्या बँडला जातात का? नाही.

सगळ्यांचे पैसे एका मोठ्या हौदात जमा होतात. त्यातला साधारण दोन तृतीयांश वाटा संगीताच्या हक्कदारांना जातो असं स्पॉटिफाय सांगतं. मग एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत ज्याचा जितका टक्का, तितका त्याचा वाटा. म्हणजे तुम्ही आयुष्यात कधी न ऐकलेल्या पॉपस्टारला तुमच्या पैशातला मोठा हिस्सा जाऊ शकतो. त्यात हक्कदार म्हणजे बहुतेकदा लेबल. कलाकाराच्या हातात काय पडणार ते त्याच्या करारावर.

गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. गाणं दोन मिनिटांचं असो की दहा, मोजणी एकच. ‘पॉलिगॉन्डवानालँड’चं पहिलंच गाणं ‘क्रम्बलिंग कॅसल’ दहा मिनिटांपेक्षा जास्त आहे. तेवढ्या वेळात तीन छोटी गाणी वाजवणारा तिप्पट मोजला जाणार. लांबच लांब गाणी वाजवणाऱ्या बँडला हा बाजार तसाही सोयीचा नव्हता. शिवाय २०२४ पासून नियम आहे की वर्षभरात १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला काहीच मिळत नाही.

याउलट बँडकॅम्प नावाच्या साइटवर तुम्ही अल्बम थेट विकत घेता. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के साइट ठेवते, पेमेंटचा खर्च वजा जाता उरलेलं बँडकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातं.

आणि ड्रोनचं काय?

स्पॉटिफायचा संस्थापक डॅनियल एक याची प्राइमा मटेरिया नावाची गुंतवणूक कंपनी आहे. तिनं २०२१ मध्ये हेल्सिंग या जर्मन कंपनीत १० कोटी युरो घातले. हेल्सिंग युद्धासाठी एआय सॉफ्टवेअर आणि हल्ल्याचे ड्रोनही बनवते. जून २०२५ मध्ये ६० कोटी युरोंची नवी गुंतवणूक झाली, तिचं नेतृत्वही प्राइमा मटेरियानंच केलं. एक हा हेल्सिंगचा अध्यक्षही आहे.

बँडचं म्हणणं सरळ आहे. आमच्या गाण्यांवर जो माणूस श्रीमंत झाला, तो त्या पैशातून शस्त्रं बनवणार असेल तर आम्ही त्यात नाही.

दुसरी बाजूही ऐका. स्पॉटिफाय म्हणतं की आम्ही आणि हेल्सिंग या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. हेल्सिंग म्हणतं की आमचं तंत्रज्ञान युरोपच्या संरक्षणासाठी, युक्रेनमधल्या रशियन आक्रमणाविरुद्ध आहे. रशियाच्या सीमेजवळ राहणाऱ्या माणसाला हा मुद्दा मेलबर्नमध्ये राहणाऱ्यापेक्षा वेगळा दिसणार, हे मान्य करावं लागेल.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो टोचणारा आहे. हा बँड यूट्यूबवर आहे, म्हणजे गुगलकडे आहे. गुगल आणि ॲमेझॉननं २०२१ मध्ये इस्रायल सरकारशी सुमारे १.२ अब्ज डॉलरचा क्लाउड करार केलाय, त्यावर त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी आंदोलनं केली. मग राग एकट्या स्पॉटिफायवर का? पूर्ण स्वच्छ असा प्लॅटफॉर्म आज नाहीच. बँडनं एक जागा निवडली आणि तिथं पाय रोवला, यापलीकडे त्याचं समर्थन करता येत नाही. पण सगळं सोडता येत नाही म्हणून काहीच सोडायचं नाही, हा युक्तिवाद मला जास्त लंगडा वाटतो.

एक यानं १ जानेवारी २०२६ पासून सीईओपद सोडून कार्यकारी अध्यक्षपद घेतलं. त्याचा या वादाशी संबंध आहे असं कंपनीनं म्हटलेलं नाही.

सोडता कुणाला येतं?

स्पॉटिफाय सोडल्यावर काही दिवसांतच किंग गिझर्डनं आपले अल्बम बँडकॅम्पवर ‘हवी ती किंमत द्या’ म्हणून खुले केले. शून्य टाकलं तरी चालेल. झालं असं की साइटच्या विक्री यादीतल्या वरच्या जागा याच बँडनं भरून टाकल्या. आठ वर्षांपूर्वी अल्बम वाटला तेव्हा जमवलेली माणसं इथं कामाला आली.

डीअरहूफ आणि शू शू या अमेरिकन बँडनीही हाच निर्णय घेतला. सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या मॅसिव्ह अटॅकनं घेतला, पण त्यांना आपल्या लेबलकडे तशी विनंती करावी लागली. फरक इथं आहे. आपली गाणी काढण्यासाठीही दुसऱ्याला विचारावं लागत असेल, तर निषेधाची किल्लीही त्याच्याच खिशात असते. टेलर स्विफ्टसारख्या अब्जाधीश गायिकेला आपल्या पहिल्या सहा अल्बमच्या रेकॉर्डिंगचे हक्क २०२५ मध्ये विकत घ्यावे लागले, यावरून कल्पना करा.

परत यावं लागणारेही आहेत. नील यंगनं जानेवारी २०२२ मध्ये जो रोगनच्या पॉडकास्टमधल्या कोविड लशींबाबतच्या चुकीच्या माहितीवरून स्पॉटिफाय सोडलं. मार्च २०२४ मध्ये तो परतला, कारण तो पॉडकास्ट आता इतर ॲपवरही येणार होता.

आपल्याकडे तर ही चर्चा सुरूही होणं अवघड. इथलं बहुतेक गाजलेलं संगीत सिनेमाचं, आणि रेकॉर्डिंगचा मालक म्युझिक कंपनी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला, पण गाणं एखाद्या ॲपवरून काढायचं की नाही हे त्यांच्या हातात नसतं. आणि पुण्या-मुंबईतल्या एखाद्या स्वतंत्र बँडच्या हातात ते असलं, तरी ५०० श्रोत्यांपैकी ४५० स्पॉटिफायवरच सापडले असतील तर तो जाणार कुठं? किंग गिझर्डचं कौतुक करताना, त्यांच्यासारखं न वागणाऱ्याला भित्रा म्हणू नये ते यासाठी.

जाण्याची एक विचित्र किंमतही त्यांनी मोजली. २०२५ संपता संपता स्पॉटिफायवर ‘किंग लिझर्ड विझर्ड’ नावाचं एक खातं सापडलं. तीच गाण्यांची नावं, तेच शब्द, आणि एआयनं बनवलेली नक्कल. बातम्या झाल्यावर स्पॉटिफायनं ते काढून टाकलं. खऱ्या बँडनं रिकामी केलेली जागा खोट्यानं बळकावली होती आणि ती आधी लक्षात आली ती श्रोत्यांच्या.

तुम्हाला ऐकून बघायचं असेल तर ‘पॉलिगॉन्डवानालँड’ बँडकॅम्पवर आहे आणि यूट्यूबवरही. ‘क्रम्बलिंग कॅसल’पासून सुरुवात करा, हेडफोन लावून. पहिली दोन मिनिटं ताल कुठं चाललाय ते कळणार नाही, नंतर सापडतो.